अंक तीनशे तेरा

मगदूमकाकांनी किल्ली दिली नाही, आधी चहा दिला.
मग खाटेखालून पत्र्याची ट्रंक ओढली
आणि तिच्यावरच बसून राहिले.

आम्ही दोघं सतरंजीवर, शाळेतल्यासारखे.
मी, म्हणजे आता लिहिणारा,
आणि मिरजेची तबस्सुम मुजावर, आता काढणारी.
तिच्या मांडीवर आमची फाईल:
नवं बोधचिन्ह, नवा मुखवटा, काळा पोशाख.

काकांनी चष्मा वर करून बघितलं.
"काळा? काळी शाई छापखान्यात असतीयच.
पिवळी मागायला लागती."

बाहेर हळदीची पोती उतरत होती.
मला लहानपणी वाटायचं,
भोवऱ्याचा पिवळा म्हणजे कसलं तरी तेज.
"तेज कसलं. एकोणऐंशी साली
तेवढीच उधारीवर मिळाली."

तीनशे बारा अंक.
कधी महिन्याला, कधी दोन महिन्यांनी,
एकदा कागदच नव्हता म्हणून वर्षानं.
ट्रंकेत एक वही निघाली, कडा पाण्यानं फुगलेल्या:
भोवरा पोहतो, उडत नाही.
भोवरा खोटं बोलतो, पण फक्त आईशी.
भोवऱ्याच्या डाव्या हाताला सहा बोटं.

"हे का?" तबस्सुमनं विचारलं.
"अंक सत्तेचाळीस. रात्री दोनला, झोपेत काढलं. छापून आलं.
मग बेडगच्या एका पोराचं कार्ड आलं,
मलाही सहा आहेत म्हणून.
आता पुसतोस कसं?"

मी मात्र वेगळ्याच प्रश्नासाठी आलो होतो.
गेलं दीड वर्ष भोवरा हवेत आहे.
शेवटच्या चौकटीत आयर्विन पुलाच्या कठड्यावरून
हात सुटलेला, खाली कृष्णा, त्याखाली 'क्रमशः'.
"काका, पुढं काय ठरलं होतं?"

त्यांनी बशी पुसली. परत पुसली.
"मला काय म्हाईत?
दर अंकाला लटकवायचा, घरी जायचं, भाकरी खायची.
सकाळी सुचायचं.
ह्या खेपेला सकाळ झाली, सुचलं नाही. एवढंच."

एवढंच नव्हतं.
वहीच्या पुठ्ठ्याला आत चिकटवलेलं एक पत्र,
पुराच्या सालचं, शिसपेन्सिलीत, भिलवडीहून:
पाणी आमच्या माळ्याला लागलं तेव्हा भोवरा कुठं होता?
तो तर पोहतो.

कुणीच काही बोललं नाही.
छापखान्याच्या भिंतीवर, तिसऱ्या फळीच्या वर,
त्या पाण्याची रेघ अजून आहे.
काकांनी तिच्याकडं बघायचं टाळलं आणि किल्ली दिली,
तीही अशी, जणू सुट्टे पैसे परत करतायत.

त्या रात्री वखारभागात, पंखा बंद (कागद उडतात),
मी सुटकेचे तीन मार्ग लिहिले:
दोरखंड, होडी, एक जुना मित्र.
तबस्सुमनं तिन्ही वाचले, बाजूला ठेवले.
तिचे वडील सतारीला पडदे बांधतात.
भोपळा वाळेपर्यंत थांबायचं, हे तिला घरातून माहीत.
ती थांबली. मी डास मारले.

मग तिनं पाणी काढलं, पडणाऱ्याला दिसेल तसं.
पाण्यात त्याचं प्रतिबिंब नाही.
पाण्यात छपरं.
कौलं, एक टीव्हीची छत्री, बांधलेली म्हैस,
आणि माळ्याच्या खिडकीत एक पोरगं.

पुढच्या चौकटीत भोवरा त्या माळ्यावर, नितळत.
फुग्यात काय लिहू, कळेना.
चार वाक्यं खोडली, त्यातली दोन बरी होती.
शेवटी लिहिलं: "उशीर झाला."
पोराच्या तोंडी तिनंच लिहिलं, मला न विचारता:
"व्हय. बसा. त्या फळकुटावर नको, ती मोडकी हाय."

बोटं पाचच काढली होती तिनं.
पहाटे लक्षात आलं, सहावं वाढवलं,
थोडं वाकडं आलं.

काकांकडं कच्ची पानं पाठवलीत. निरोप नाही.
पिवळी शाई अजून यायची आहे.
कोल्हापूरचा माणूस रोख मागतोय.